आत्याबाईंचा मुरगळलेला पाय

मंगळवार, ता. ५ फेब्रुवारी

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर माझं नाही हे पाहून तू दचकली असशील. घाबरू नकोस, मी धडधाकट आहे, नुसती उपडी पडले आहे. सूनबाई लिहून घेते आहे. कोर्टात ती साहेबांसमोर बसून साक्षीदारांचं बोलणं भराभर टिपते, तेव्हा सासूचं बोलणं टिपायला तिला काय जड जाणार! तिची खोड एवढीच की ऐकेल ते सगळं लिहिते, एक शब्द गाळत नाही. मगाशी मी खोकले तेही लिहिलंस का, असं विचारलं तर नाही म्हणाली. (आता लिहिलं. – सूनबाई)

तर शनिवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुन्हा झालं. पुन्हा का, ते तुला सांगायची लाज वाटते, पण तुझ्यापासून काय लपवायचं. गेल्या महिन्यात पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात हवेचा एक फुगा सोडला होता. आतला सुटलेला पडदा तो फुगा दाबून धरतो. फुगा जागेवर राहावा म्हणून तीन आठवडे तोंड जमिनीकडे करून पडायचं, मान म्हणून वर करायची नाही. मी कबूल केलं. दोन दिवस काढलेही. पण आठ वाजले की मालिकेतल्या लॉजवाल्या आत्याबाईंचं काय झालं असेल या विचाराने माझा जीव थाऱ्यावर राहीना. तुझ्या भाच्याला माझी दया आली. त्याने कपाटाचा आरसा उतरवून माझ्या तोंडाखाली जमिनीवर ठेवला, टीव्ही स्टुलावर चढवला आणि संध्याकाळच्या शाळेत शिकवायला जाण्याआधी अर्धा तास खपून असा कोन जुळवला की मालिका आरशात दिसावी. सूनबाई नको म्हणाली होती. (तीन वेळा.) आरशात आत्याबाई डावखुऱ्या झाल्या होत्या, तरी चाललं असतं. पण दिसायच्या त्या अर्ध्याच. मग मी मान जराशी उचलायची, पुन्हा जराशी. असं करत करत लॉजमधल्या लग्नाचा अख्खा भाग मी पाहिला, आणि चौथ्या दिवशी सकाळी उजव्या डोळ्यापुढे नुसता अंधार.

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या की एकदा आणखी करू, त्यानंतर मात्र करण्यासारखं काही उरणार नाही. डावा डोळा माझा जन्मापासून नावापुरता, हे तू जाणतेस. म्हणजे हा गेला की सगळंच गेलं. आता पुन्हा तीन आठवडे उपडं. खोकायचं नाही, वाकायचं नाही, हुंदके देऊन रडायचं नाही. पलंगावरून पडेन म्हणून गादी जमिनीवर घातली आहे आणि कपाळाखाली टॉवेलची वळकटी. संध्याकाळी हा शाळेत असतो, सूनबाई साडेआठला येते. आठ ते साडेआठ घरात मी एकटी, आणि माझा मला भरवसा नाही. म्हणून मीच सांगितलं की टीव्ही घराबाहेर काढा. तो आता खालच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्यांकडे आहे. त्यांना कमी ऐकू येतं, पण दिसतं उत्तम, तेव्हा त्यांची चंगळ आहे.

तुझं शिवणकाम कसं चाललंय? वेळ झाला तर आत्याबाईंचं काय चाललंय तेवढं दोन ओळींत कळव. हसू नकोस.

आहे ती माया तशीच असू दे.
जमिनीला तोंड लावून पडलेली, तुझी
ताई


शुक्रवार, ता. ८ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू मोठी आहेस म्हणून, नाहीतर आत्ता तिथे येऊन तुझा कान पिरगाळला असता. आरसा काय, स्टूल काय! भाच्याला म्हणावं, शाळेत मुलांना भूमिती शिकवतोस ती घरी आईवर कशाला करून पाहतोस. सूनबाई, हेही वाचून दाखव हं.

पण तुला नावं ठेवायला मी कुठली शहाणी लागून गेले! माझा टीव्ही शिवणयंत्राच्या समोरच आहे. ज्या दिवशी त्या काळ्या पर्सवाल्या पुतणीने आत्याबाईंकडून लॉज विकायच्या कागदांवर सही घ्यायचा घाट घातला, त्या दिवशी मी शाळेच्या गणवेशाचे अकरा शर्ट शिवले आणि अकराही शर्टांना दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. शाळेच्या बाई शर्ट परत घेऊन आल्या. एक शर्ट उलगडून माझ्यासमोर धरला आणि नुसत्या पाहत राहिल्या. मी सांगितलं की डोळ्यांचा त्रास आहे. तेव्हा आपण दोघी एकाच माळेचे मणी.

आता कामाचं बोलते. मला गोवर आला होता ते आठवतं ना? मी सात वर्षांची. खिडक्यांना चादरी लावून खोली अंधारी केली होती. तू उशाशी बसून अकरा दिवस मला तो सर्कशीचा सिनेमा सांगितलास, रोज थोडा थोडा. शाळेच्या मुलींबरोबर नुकतीच पाहून आली होतीस. झुल्यावरच्या मुलीचा हात सुटतो तिथे येऊन थांबलीस आणि म्हणालीस की बाकीचं उद्या. मी रात्रभर देवाला सांगत होते की तिला कुणीतरी धरू दे. दुसऱ्या दिवशी तिला विदूषकाने धरलं, आणि माझा तापही उतरला. मी पुढे कितीतरी सिनेमे पाहिले ताई, पण तसा एकही नाही.

तर आता माझी पाळी. दोन ओळी कसल्या, रोज आठ ते साडेआठ मालिका पाहीन, लगेच लिहीन आणि सकाळच्या डाकेत टाकीन. दोन दिवस शिळं मिळेल, पण मिळेल सगळं. तू फक्त मान खाली ठेव.

कालचा भाग ऐक. आत्याबाईंनी सही केली नाही. चष्मा सापडत नाही म्हणाल्या, आणि चष्मा त्यांच्याच डोक्यावर होता. पुतणीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सात नंबरची खोली अजून कुलपातच आहे. वीस वर्षांपूर्वी भांडून गेलेला भाऊ येईल म्हणून आत्याबाई रोज आत जाऊन उशीचा अभ्रा बदलतात, तो कालही बदलला. अभ्र्याची शिलाई उसवलेली आहे, एवढी मोठी मालिका काढतात आणि एक शिंपी ठेवत नाहीत.

धाकटीवरचा लोभ उपडं पडूनही कमी होऊ देऊ नये.
तुझी
चिंगी


सोमवार, ता. ११ फेब्रुवारी

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद.

पोरी, तुझी पत्रं यायला लागली आणि माझ्या दिवसाला काहीतरी आकार आला. टपाल दुपारी येतं, पण मी फोडू देत नाही. नऊला तुझा भाचा शाळेतून आला की सूनबाई वाचते, आणि मग तिघांचं जेवण होतं, माझं अर्थात नळीने आणि चमच्याने. कोर्टातल्या सवयीने ती एका लयीत वाचते. पुतणीचं कारस्थान आणि तुझ्या अकरा शर्टांची हकिगत तिने एकाच आवाजात वाचली, त्यामुळे आम्ही दोघं शर्टांनाच जास्त हसलो. हसताना खांदे हलवायचे नाहीत, तेही शिकले आहे.

एक गंमत सांगते. तुझ्या मालिकेत सगळ्यांच्या कपड्यांची खबर असते. पुतणीच्या कोटाचं अस्तर लोंबतंय, वकिलाची कॉलर बसत नाही. मी चार वर्षं रोज ती मालिका पाहिली, मला कधी अस्तर दिसलं नाही.

आणि आणखी काय दिसलं नाही ते सांगते. माझ्या नावापुरत्या डाव्या डोळ्याला अगदी जवळचं तेवढं दिसतं, म्हणजे सध्या जमिनीचा वीतभर तुकडा, आणि त्यावरून जाणारे पाय. सूनबाईचे पाय संध्याकाळी सुजलेले असतात. चपलेच्या पट्ट्याचा लाल वळ असतो, टाचेला भेग आहे आणि करंगळीला चिकटपट्टी. बससाठी रोज अर्धा तास उभी राहते म्हणे. सहा वर्षं ही मुलगी रोज साडेआठला दार उघडून आत येते. माझ्या एकामागून एक तीन मालिका दहापर्यंत चालायच्या. आलीस का, एवढं मी म्हणायचे, तेही समोर बघत. तिने ताट आणून हातात दिलं तरी मान वळवली नाही. मान खाली घालावी लागली तेव्हा तिचे पाय दिसले, काय म्हणायचं याला! (हा परिच्छेद मी गाळणार होते. पण गाळायची सवय नाही.)

कोमट पाण्याची बादली काल मी माझ्या गादीजवळ ठेवायला लावली आणि तिला पाय बुडवून बसायला सांगितलं. ती बसली. मला बरं वाटलं.

चार दिवस टाकून ठेवलेलं कापड नीट बघून शिव, बाह्या तपास.
तुझ्यावर जीव असलेली
ताई


बुधवार, ता. १३ फेब्रुवारी

(कोर्टाच्या पत्त्यावर)

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम तुझ्या कामाच्या ठिकाणी पाठवते आहे. घरी गेलं असतं तर मोठ्याने वाचावं लागलं असतं.

काल रात्रीच्या भागात आत्याबाई गेल्या. सात नंबरच्या खोलीतून अभ्रा बदलून निघाल्या, जिन्यावर पाय घसरला आणि संपलं. किल्ल्यांचा जुडगा पायऱ्यांवरून खाली घरंगळत गेला, तो तेवढा दाखवला. आत्याबाईंचं काम करणाऱ्या बाईंनी म्हणे मालिका सोडली, आज सकाळी वाण्याकडे दोघी बोलत होत्या. मी स्वतः मशीन बंद करून रडले. माझ्यासारख्या एकटीच्या घरात चार वर्षं रोज येणारं माणूस होतं ते. तुला हसू येईल.

पण माझं जाऊ दे. ताईला हे कळलं तर ती रडेल, आणि ताईचं रडणं तू पाहिलेलं नाहीस. ती हलके रडतच नाही, तिच्या सगळ्या अंगाला हुंदके येतात. आणि डॉक्टरीणबाईंनी नेमकं तेच नको म्हटलंय. आणखी बारा दिवस आहेत. एवढ्याशा गोष्टीपायी तिचा डोळा जायचा, असं रात्रभर डोक्यात होतं.

म्हणून या पाकिटात तिच्यासाठी दोन पत्रं घातली आहेत. पहिल्यात आत्याबाई मरतात. दुसऱ्यात त्यांचा पाय मुरगळतो आणि वकील त्यांना उचलून खालच्या खुर्चीत बसवतो. तू रोज खरं तेच लिहिणारी बाई आहेस, तुझ्यावर खोट्याची सक्ती मी कशी करू? तू ठरव. पहिलं वाचलंस तरी माझा राग नाही.

मायेने विचारते आहे, ओझं वाटलं तर क्षमा कर.
तुझी
मावशी


बुधवार, ता. १३ फेब्रुवारी, सकाळ

चि. चिंगीस आशीर्वाद.

विशेष काही नाही. मान दुखते. दिवस जात आहेत. तुझं सोमवारच्या भागाचं पत्र अजून यायचं आहे. आत्याबाई त्यात असतीलच.

स्वतःला जप गं.
ताई

(आई आज एवढंच बोलल्या. रात्री जेवल्या नाहीत. मी काल आले तेव्हा कपाळाखालचा टॉवेल ओला चिंब होता. विचारलं तर घाम आला म्हणाल्या. दुसरा टॉवेल दिला आहे. थेंब वेळेवर घालते आहे, काळजी नसावी. – सूनबाई)


शनिवार, ता. १६ फेब्रुवारी

ती. मावशींना सा. न. वि. वि.

आपलं पाकीट काल कोर्टात मिळालं. मधल्या सुट्टीत जिन्याखाली उभी राहून दोन्ही पत्रं वाचली. बारा वर्षांच्या नोकरीत मी कुणाचा एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. एकदा साहेबांनी स्वतः केलेली चूकही मी तशीच टिपली होती आणि बोलणी खाल्ली होती. त्यामुळे संध्याकाळी बसमध्ये उभी राहून फक्त विचार करत आले.

नऊ वाजता मुरगळलेल्या पायाचं पत्र वाचलं.

वाचताना त्या ओळीपाशी माझा आवाज अडला. मला वाटलं, पकडली गेले. मग त्यांनी जमिनीकडे तोंड ठेवूनच विचारलं की पायाला बर्फ लावला का. मी पत्रात नसलेलं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. लावला, असं म्हटलं. आई म्हणाल्या की मग उतरेल सूज. आणि काल त्या पोटभर जेवल्या.

मावशी, आपण विचारलंत, लादलं नाहीत, याबद्दल मी आपली फार आभारी आहे. या घरात मला विचारून ठरवायची सवय आत्ता कुठे लागते आहे. आता आत्याबाई जगल्याच आहेत, तर त्यांना नीट जगवावं लागेल. एक सूचना. आपण वकिलाकडून एका दिवसात लॉजच्या विक्रीवर स्थगिती आणवलीत. तसं होत नाही. आधी अर्ज, मग नोटीस, मग तारीख. सोबत एका कागदावर क्रम लिहून पाठवते आहे. पुतणीला किमान तीन तारखा खाऊ द्या, आमच्याकडे सगळेच खातात.

आपला आशीर्वाद या दोन खोल्यांवर असावा.
आपली
सूनबाई


मंगळवार, ता. १९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

कालच्या भागाने तर कमाल केली. आत्याबाईंना जिना चढता येत नाही, म्हणून त्या खाली दारापाशी खुर्ची टाकून बसतात. इतकी वर्षं वरून फक्त घंटा वाजवायच्या, आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलायला लागल्या आहेत. पाच नंबरमधला औषधविक्या अकरा वर्षं तिथे उतरतो, त्याला पोहता येत नाही आणि पाण्याची भीती वाटते, हे त्यांना काल कळलं. स्वयंपाकघरातल्या मुलीला त्या शिवण शिकवताहेत. आधी धावदोरा, मग काज. काज कसं करायचं ते एवढं नीट दाखवलं की मीही वहीत उतरवून घेतलं.

पुतणीला कोर्टात पहिली तारीख मिळाली. साहेब रजेवर होते. ती काळी पर्स आपटत बाहेर आली आणि पर्सचा बंद तुटला, मशीनवर घातलेला नव्हता ना, हातशिलाई होती.

आणि ताई, शेवटी दारात एक म्हातारा उभा राहिला. डोक्याला टोपी, कोटाला एक गुंडी वेगळ्या रंगाची. आत्याबाईंनी गुंडी पाहिली. ती त्यांनीच वीस वर्षांपूर्वी लावलेली. तिथे भाग संपला. बाकीचं उद्या.

तू मान खाली ठेवली आहेस असं सूनबाई कळवते. माझी गुणाची ताई.
तुझीच
चिंगी

(सूनबाईसाठी, मोठ्याने वाचू नये: खरी मालिका मी गुरुवारपासून लावलेलीच नाही. तिकडे पुतणीने लॉज विकलं म्हणतात. विकू दे. आठ वाजता आता मी वही घेऊन बसते. तुझ्या कागदाचे उपकार, तारखांवर मला हसू आवरत नाही. परवा खोलीत एकटीच हसत होते आणि शेजारीण डोकावून गेली.)


मंगळवार, ता. २६ फेब्रुवारी

ती. मावशींना सा. न. वि. वि.

आधी बातमी. काल डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पडदा चिकटला आहे. आई उठून बसल्या. मी त्यांचा हात धरला होता, त्यांनी तो सोडला नाही, रिक्षातही नाही. डोळ्यात फुगा अजून आहे, त्याची कड पाण्याच्या रेषेसारखी हलताना दिसते म्हणतात. तो महिन्याभरात विरेल आणि मग नजर स्वच्छ होईल. तोवर वाचन आणि टीव्ही बंद. यांनी पेढे वाटावेत तशी अख्ख्या जिन्यात बातमी सांगितली.

आता अडचण. महिना संपला की हे टीव्ही वर आणणार आहेत. आई आठ वाजता लावतील, आणि लॉजही नाही, आत्याबाईही नाहीत. आपण इतके दिवस काय वाचत होतो ते त्यांना कळेल. डोळ्याला आता धोका नाही, पण मला दुसरीच भीती आहे. गेल्या तीन आठवड्यांत आईंनी मला जवळ केलं आहे. काल रात्री टेबलावर आमच्याबरोबर जेवल्या. आज मी दार उघडलं तेव्हा माझ्याकडे मान वळवली. त्यांना वाटलं की उपड्या पडलेल्या म्हातारीला आम्ही दोघींनी मिळून फसवलं, तर ती मान परत फिरेल. आपण म्हणालात तर मी आधीच कबूल करते. पण तोंड उघडत नाही.

काय करायचं ते कळवावं. पत्रं मात्र थांबवू नयेत, भाऊ अजून दारातच उभा आहे.
आपली
सूनबाई


शनिवार, ता. २ मार्च

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद.

तुझं पत्र छातीशी धरून किती वेळ बसले होते. डोळा वाचला! तू वाचवलास पोरी, मी फक्त शाई खर्च केली.

कबुली तू द्यायची नाहीस. खोटं माझ्या हातचं आहे. तिची नजर साफ झाली की मीच येते आणि समोर बसून सांगते. रागावली तर माझ्यावर रागावेल, लहानपणापासून तिला त्याचा सराव आहे. तोवर लिहिते आहेच. भावाला उद्या आत घेते.

तुझे पाय दिवसातून एकदा वर घेऊन बस, हा माझा हुकूम.
मावशी


रविवार, ता. २४ मार्च

चि. चिंगीस अनेक अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळख. ओळी उताराला लागल्यात, पण माझ्या आहेत. काल डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटून दुसरी ओळ माझ्याकडून वाचून घेतली. फुगा विरला. आज सकाळी खिडकीत बसून मी समोरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या मोज्यांची चिमट्यांसकट मोजदाद केली आणि कुणाचे कुणाचे आभार मानू असं झालं. म्हणून हे पत्र. हे सूनबाईला दाखवलेलं नाही, पण लिहून झालं की नऊ वाजता मीच वाचून दाखवणार आहे.

आज तुझा भाचा टीव्ही आणायला खाली निघाला होता. मी म्हटलं, राहू दे. घड्याळवाल्यांना लळा लागलाय. सूनबाईचा चेहरा पांढरा पडला, आणि मग मला तिची कीव आली. आता खरं सांगून टाकते.

घड्याळवाल्यांना ऐकू येत नाही गं. ते आपला टीव्ही अख्खी इमारत दणाणेल इतक्या मोठ्याने लावतात. माझी गादी जमिनीवर, कपाळ जमिनीला, आणि त्यांचा टीव्ही बरोब्बर माझ्याखाली. आठ ते साडेआठ मी घरात एकटी, आणि सूनबाई येते तोवर ते टीव्ही बंद करून जेवायला बसलेले असतात. पहिल्या दिवसापासून मालिकेचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. मान हलवावी लागत नव्हती, म्हणून बोलले नाही. बोलले असते तर तुझी पत्रं थांबली असती, आणि ती मला हवी होती. एवढी लबाडी माझी.

त्या मंगळवारी जिन्यावरून किल्ल्या घरंगळल्या त्या मी ऐकल्या. मग रडारड ऐकली. मला कळलं. चिंगे, मी टॉवेलचा बोळा दातांत धरला आणि अंग लाकडासारखं ताठ करून पडून राहिले. पाणी डोळ्यांतून आपोआप जमिनीकडे जात होतं, पण हुंदका एक येऊ दिला नाही. साडेआठला सूनबाईचे पाय दारात आले, तिला म्हटलं घाम आहे. तीन दिवस मी तुझ्या पत्राला भीत होते. ते तुझ्या तोंडून पुन्हा ऐकायचं, ते कसं जमेल?

शुक्रवारी नऊ वाजता सूनबाई वाचायला लागली. जिन्यापाशी आली आणि अडली. ती वाचताना कधी अडत नाही. आणि मग म्हणाली की आत्याबाईंचा पाय मुरगळला. मला एका क्षणात सगळं समजलं. तू दोनशे मैलांवर बसून माझ्यासाठी एका बाईला जिन्यावरून उचलून खुर्चीत बसवलं होतंस. आणि माझी ही सून, जी माझा खोकलासुद्धा गाळत नाही, ती माझ्या डोळ्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा खोटं वाचत होती. काहीतरी बोलायचं म्हणून बर्फाचं विचारलं. ती लावला म्हणाली. त्या एका शब्दासाठी मी तिची जन्मभर ऋणी राहीन. एवढं माझ्यासाठी कुणी केलं नव्हतं आणि मी कुणाला करू दिलं नव्हतं, सारखी समोरच्या पेटीत बघत होते ना.

तेव्हापासून खाली एक मालिका चालायची आणि वर एक. खालचं लॉज विकलं गेलं, पाडलं, तिथे आता कार्यालय होतंय. आपल्या लॉजमध्ये पुतणीला चौथी तारीख पडली.

मला फसवलं म्हणून तू माझ्या पाया पडायला येणार आहेस असा मला वास लागलाय, कारण सूनबाई तुझ्या येण्याचं विचारताना नजर चुकवते. ये, चार दिवस राहायला ये, पण पाया पडायला नको. कारण आता माझीही एक गोष्ट ऐक. पन्नास वर्षं पोटात आहे.

तो सर्कशीचा सिनेमा मी पाहिलाच नव्हता. शाळेच्या मुली गेल्या त्या दिवशी मीही कपडे करून निघाले होते. तुला ताप चढला होता आणि तू माझी वेणी मुठीत धरून झोपली होतीस. मूठ सोडवेना, म्हणून मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी मुलींनी पाच मिनिटांत सांगितला तेवढाच माझ्याजवळ होता. त्यात ती झुल्यावरची मुलगी हात सुटून पडते आणि मरते, तिथे सिनेमा संपतो. अंधाऱ्या खोलीत तू टक लावून माझ्याकडे बघत होतीस. मी म्हटलं, बाकीचं उद्या. रात्रभर विचार केला. विदूषक त्या सिनेमात नव्हताच चिंगे, तो मी आणला.

तेव्हा थांबू नकोस. भाऊ सात नंबरमध्ये जेवायला बसला आहे, आत्याबाईंनी त्याच्या कोटाची गुंडी बदलायला घेतली आहे, तिथून पुढे लिही. टपाल दुपारी येतं. आम्ही तिघं नऊपर्यंत कळ काढतो.

दोन डोळ्यांनी तुझी वाट पाहणारी, तुझी
ताई